नाताळासाठी पोसलेले हंस

“चार किलो दोनशे,” मी काट्यावरचा आकडा वाचला. “मागच्या रविवारीही एवढाच होता, बाबा.”

माझे सासरे हंसाला गोणपाटाच्या झोळीतून सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. पाय मोकळे होताच हंस पंख आपटत, शिव्या दिल्यासारखा ओरडत बावखलाकडे पळाला. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं, वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बाकीचे सात हंस काठावर माना लांब करून आमच्याकडे बघत होते.

“आजपासून भात आणि मका सुरू करायचा ना?” मी विचारलं.

“अजून नको.”

“पंचवीस दिवस राहिले नाताळाला.”

“गवत आहे की अजून. चरू दे,” ते म्हणाले, आणि आंब्याच्या फांदीचा स्प्रिंगचा काटा काढून घेऊन घरात गेले.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावरचं हे बोलणं. साल १९८६. मी चोवीस वर्षांची होते आणि मला सातवा महिना लागला होता. घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नणंद कात्रीन दोन गावं पलीकडे दिलेली. माझा नवरा इनास बोटीवर खलाशी होता. जूनमध्ये तो गेला तेव्हा मला दिवस गेल्याचं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुढे पत्रातून कळवलं. त्याचं उत्तर आलं ते चारच ओळींचं, पण त्यातल्या दोन ओळी हंसांबद्दल होत्या. वीस डिसेंबरला बोटीवरून उतरतो, नाताळाला घरचा हंस हवा, बाबांना सांग या खेपेला चांगला पोसायला.

आळीत सगळेच बदकं पाळायचे. हंस मात्र फक्त आमच्याकडे. बाबा, म्हणजे पास्कू घोन्साल्विस, बावीस वर्षं डहाणूला एका पारशाच्या वाडीत माळी होते. त्या पारशाला हंसांचा नाद होता. नोकरी सोडून आले तेव्हा निरोप म्हणून त्याने एक जोडी दिली. त्या जोडीची ही कितवी पिढी कोण जाणे. पण हंसांना काय, किती, कधी घालायचं याचं बाबांचं शास्त्र त्या वाडीतलं होतं आणि त्यात ते कुणाला बोट घालू देत नसत. मला घालू दिलं ते त्या वर्षी पहिल्यांदा.

त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी माझं चौथ्या महिन्यात पडलं होतं. इनास तेव्हाही बोटीवर. मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. या खेपेला बाबांनी मला पडू दिलं नाही. ऑगस्टच्या मध्याला अंडी फुटली, आठ पिल्लं निघाली, त्याच दिवशी त्यांनी हाक मारली आणि पाट दिला बसायला.

“हे बघ रेजू,” म्हणाले, “यांना कोरडं पीठ कधी घालायचं नाही. घशात बसतं आणि मरतात. खाण्याशेजारी पाणी हवंच, आणि पाणी एवढं खोल की डोकं बुडालं पाहिजे. नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर डोळे येतात यांचे.”

मग रोज एकेक गोष्ट. पहिले तीन आठवडे शिजवलेली कणी, गव्हाचा कोंडा आणि कात्रीने बारीक कापलेली हरळी. त्यात चिमूटभर सुका जवळा कुटून. मी प्रेमाने मूठभर घालायला निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. जवळा जास्त झाला की अंग भरभर वाढतं, पंखांना पिसांचा भार पेलवत नाही आणि ते कोपरातून बाहेर वळतात. मग जन्मभर तो पक्षी उघड्या खिडकीसारखा हिंडतो. पायात जोर यावा म्हणून ताडीच्या मडक्याच्या तळचा गाळ, दोन थेंब. खाडीची जाड वाळू एका परातीत वेगळी, कारण दात नसलेल्याला दगड खावे लागतात. बुरा आलेली पेंड घरातही ठेवायची नाही. महिना झाला की दाणा कमी करत आणायचा आणि त्यांना केळीच्या वाडीत गवतावर सोडायचं. हंस गवतावरच वाढतो, दाण्यावर नुसता फुगतो, हे बाबांचं आवडतं वाक्य. दर रविवारी वजन. हात छातीच्या हाडावरून फिरवायचा. हाड सुरीसारखं लागलं तर कमी पडतंय, बोटांना सापडलंच नाही तर जास्त. आणि शेवटचे तीन-साडेतीन आठवडे, बरोबर नोव्हेंबरच्या अखेरीपासून, भिजवलेलं भात आणि मका, सकाळ-संध्याकाळ. हिंडणं कमी. की नाताळापर्यंत साडेपाच किलो.

हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. म्हणून त्या रविवारचं त्यांचं “अजून नको” मला कळेना.

सकाळी दहाच्या सुमारास मी हंस केळीत घेऊन जायची. बाबा रहाटावरचं काम टाकून मागून यायचे आणि बांधावर बसायचे. मी बोलायची. इनासबद्दलच बोलायची, दुसरं काय असणार माझ्याकडे? तो आला की पेटी दारातच टाकेल आणि आधी विहिरीवर जाईल. बोटीवरचं पाणी अंगाला लागत नाही म्हणतो. मग हंस बघायला येईल आणि यांतला सगळ्यात मोठा कुठला ते मला ओळखायला लावेल. बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून भांडेल. पत्र लिहिलं की मी ते पाकिटात घालायच्या आधी बाबा विचारायचे, काय लिहिलंस? मी वाचून दाखवायची. लाजण्यासारखं असेल तेवढं गाळून. ते ऐकायचे, पाकीट खिशात घालायचे आणि टपालात टाकून यायचे.

पूर्वी ते असं काही विचारत नसत. साधारण नोव्हेंबर लागला तेव्हापासून त्यांचं हे सुरू झालं. त्याच सुमाराला आळीही बदलली होती. शेजारच्या एस्तेरकाकी, ज्यांचं नि माझं कोंबड्यांवरून वाजलेलं, त्या अंड्याची पोळी घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. विहिरीवर मी गेले की बायका मला घागर उचलू देत नसत. बोलत असल्या तर थांबत. मृतांच्या दिवशी दफनभूमीत मी सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावत होते, तेव्हा फादर माझ्याजवळ येऊन बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. मला वाटलं, मागच्या वर्षीचं आठवतंय सगळ्यांना. जपताहेत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

नोव्हेंबरच्या मध्यावर इनासचं पत्र आलं. बाबांनीच आणून दिलं. ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरातून टाकलेलं, महिनाभर वाटेत होतं. मी उंबऱ्यावर बसून वाचलं आणि मोठ्याने हसले, कारण त्याने लिहिलं होतं की इथल्या बाजारात हंस बघितले, पण आपल्यापुढे ते कोंबड्या. बाबांना हे वाचून दाखवावं म्हणून वळले तर ते विहिरीकडे निघून गेले होते.

तर ते “अजून नको”. तीन दिवस मी वाट बघितली. चौथ्या दिवशी पुन्हा विचारलं. म्हणाले, गारवा पडू दे, गारव्याशिवाय दाणा अंगी लागत नाही. मी म्हटलं, गेल्या वर्षी तर तुम्ही घाम पुसत दाणा घातला होता. मला राग आला. वाटलं, म्हातारपण आलं, विसरायला लागले. इनास येणार, एवढ्या महिन्यांनी, आणि त्याच्या पानात हाडं वाढायची?

बाबा रोज सकाळी फुलं आणि भाजी घेऊन बाजाराला जात आणि साडेनऊपर्यंत परतत. तेवढा वेळ माझा. मी कणगीतलं भात काढलं, मका एस्तेरकाकींकडून आणला. आदल्या दिवशी दुपारी भिजत घालायचा, पाटीखाली झाकून ठेवायचा, सकाळी ते फाटकाबाहेर पडले की पितळी घमेल्यात पाणी घालून त्यात सोडायचा. हंस घमेल्याभोवती उभे राहून माना बुडवायचे, दाणे चाळून काढायचे, आणि त्यांचा तो गळ्यातला बारीक किलबिलाट चालायचा, समाधानाचा. संध्याकाळी बाबा रहाटावर असताना दुसरं घमेलं. मी हळूहळू वाढवलं, त्यांनी शिकवलं होतं तसंच. पहिल्या दिवशी मूठ-मूठ, मग दीड मूठ. केळीत नेताना मुद्दाम जवळच्या वाफ्यात नेऊ लागले, फार चालायला नकोत म्हणून. सांगायचं ते एवढंच की मी त्या दिवसांत खूप खूश होते. पोटातलं बाळ लाथा मारायचं आणि मी हंसांना सांगायची, खा, खा, तुमचा मालक येतोय.

मधल्या रविवारी बाबांनी काटा बाहेर काढलाच नाही. मी पण आठवण केली नाही. मला एकदमच दाखवायचं होतं.

चौदा डिसेंबरला मिस्साहून आल्यावर मीच काटा आंब्याला टांगला आणि त्यांना हाक मारली. सगळ्यात मोठा नर मी आधीच धरून ठेवला होता. बाबा म्हणाले, कशाला गं, राहू दे. मी म्हटलं, एकदाच बघा. त्यांनी झोळीत घातला, फांदी जराशी वाकली. मी आकडा वाचला नाही. त्यांनाच वाचू दिला.

पाच किलो चारशे होतं.

त्यांनी पुन्हा बघितलं. मग झोळीत हात घालून हंसाच्या छातीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. हंस शांत बसून होता, त्याला सवय होती त्या हातांची.

“तू घातलंस?”

“हो. चोरून. तुम्ही ऐकतच नव्हता,” मी म्हणाले. “सहाच दिवस राहिले, बाबा. नाताळाला हा कापू. आणि तो उतरल्या उतरल्या एक...”

ते खाली बसले. तिथंच मातीत. हंस झोळीतच लटकत राहिला, त्याला उतरवायचं त्यांना सुचलं नाही. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला वळले तर त्यांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला.

“रेजू,” ते म्हणाले, “इनास येत नाही.”

“बोट लांबली?”

“बोट नाही लांबली.”

त्यांनी काठ सोडला नव्हता. मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत, तार वाचावी तसं. ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेला बंदरात बोटीची टाकी साफ करायला दोघं उतरले. आत वायू होता. दोघंही वर आले नाहीत. तिथंच एका दफनभूमीत पुरलं. तार एकोणतीसला आली, ती बाबांनी फाटकातच घेतली. ती घेऊन ते आधी फादरकडे गेले आणि मग मिशन हॉस्पिटलच्या डॉक्टर सिस्टरकडे. मागच्या खेपेचं सिस्टरना माहीत होतं, त्यात माझा रक्तदाब वाढलेला. त्या म्हणाल्या, आत्ता सांगू नका. मग बाबा आळीतल्या चौदा घरांत गेले, एकेका घरी, आणि प्रत्येकाकडून शब्द घेतला.

“कात्रीनला?”

“ठाऊक आहे. तिच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली. आठ नोव्हेंबरला.”

आठ नोव्हेंबरला मी काय करत होते ते मला लगेच आठवलं. त्या दिवशी बाबा, कात्रीनच्या धाकट्याला ताप आहे, बघून येतो, म्हणून गेले होते आणि मी त्यांच्याबरोबर तिच्यासाठी केळीचा घड दिला होता. माझ्या नवऱ्याच्या मिस्साला ते माझा केळीचा घड घेऊन गेले.

“माझी पत्रं?” मी विचारलं.

ते आत गेले आणि घेऊन आले. पाच पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं.

मी रडले नाही. रडायला हवं होतं, पण मला रागच आला. मी म्हणाले, “दीड महिना तुम्ही मला हसू दिलंत. सगळी आळी बघत होती. मी विहिरीवर उभी राहून सांगत होते तो येतोय म्हणून, आणि सगळ्या ऐकत होत्या. तुम्ही बांधावर बसून ऐकत होता. तुमची जीभ कशी वळली, बाबा, काय लिहिलंस विचारायला?”

मी भिजवलेल्या मक्याचं घमेलं उचललं, पोटाला लावून बावखलापर्यंत नेलं आणि सगळं पाण्यात ओतलं. हंस माझ्यामागे धावत आले, पाण्यात उतरले आणि माना बुडवून तळाचा मका खाऊ लागले. आठातले सात. आठवा अजून झोळीत ओरडत होता. त्याला कुणी सोडवलं मला आठवत नाही. एस्तेरकाकींनी असेल. आवाज ऐकून त्या आल्या होत्या आणि फाटकाशी उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ येऊन मला माहेरी घेऊन गेला. नाताळ तिथंच झाला. फेब्रुवारीच्या बाराव्या तारखेला मुलगी झाली, अडीच किलोची, धडधाकट. सिस्टर म्हणाल्या, तुझ्या सासऱ्याने जपलं म्हणून. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

बाबा बाप्तिस्म्याला आले. मागच्या बाकावर बसले आणि जेवायला न थांबता गेले. मार्सेला सहा महिन्यांची झाल्यावर मी परत त्या घरात गेले. माहेरी भावाचं लग्न ठरलं होतं, आणि ती वाडी इनासची होती, म्हणजे मार्सेलाची. बाबांनी माझ्या खोलीला चुना काढून ठेवला होता. हंस आठच्या आठ होते. नाताळात त्यांनी एकही कापला नव्हता, विकलाही नव्हता. नुसत्या गवतावर ठेवले होते आणि ते पुन्हा चार किलोवर आले असावेत, बघूनच कळत होतं. मी त्या बाजूला कधी गेले नाही. पुढे एकेक म्हातारे होऊन मेले. बाबांनी नवी अंडी बसवली नाहीत.

जवळजवळ दहा वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. भांडलो नाही. जेवायला वाढलंय, पाऊस येईलसं दिसतं, मार्सेलाच्या शाळेत बोलावलंय, एवढं बोलणं व्हायचं. ते माझ्याशी मान खाली घालून बोलायचे आणि मी ती तशीच राहू दिली. इनासचं नाव दोघांपैकी कुणीही काढलं नाही. भिंतीवर फोटो होता, मृतांच्या दिवशी मी त्याला हार घालायची, ते मागे उभे राहायचे, आणि मग आम्ही आपापल्या कामाला लागायचो. मार्सेला लहानपणी विचारायची, माझे बाबा कसे होते? मी सांगायची, चांगले होते. तिने पुढे विचारणं सोडलं.

सत्याण्णवच्या मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोललेलं कळायचं. मी त्यांचं सगळं करत होते, न बोलता. एके दिवशी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी वाटी डाव्या हाताने बाजूला केली.

“सिस्टरने आठ दिवस म्हटलं होतं,” ते म्हणाले.

मला पहिल्यांदा कळलंच नाही कशाबद्दल बोलताहेत.

“आठ दिवस थांबा म्हटलं होतं. फार तर पंधरा. रक्तदाब उतरला की सांगा. पंधरा नोव्हेंबरला उतरला होता तुझा. तूच मला कागद दाखवलास. मी सांगितलं नाही.”

मी वाटी खाली ठेवली. “का?”

ते बराच वेळ शब्द जुळवत होते. तोंडाच्या एका कोपऱ्यातून पेज ओघळली होती, ती मी पुसली.

“आळीत सगळ्यांना तो गेलेला होता,” ते म्हणाले. “मलाही. एक तुझ्याच तोंडी तो येत होता. पेटी टाकेल म्हणायचीस. विहिरीवर जाईल म्हणायचीस. मी ऐकायला यायचो, बाय. पोटातल्याचं निमित्त होतं. मला ते बंद करायला जमलं नाही.” मग म्हणाले, “तू दाणा सुरू केला नसतास तर वीस तारखेपर्यंतही बोललो नसतो.”

दहा वर्षं मी समजत होते की त्यांनी मला फसवलं. त्या बांधावर ते काय करत होते हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. एकुलता एक मुलगा परमुलखात पुरला गेलेला, आणि हा माणूस कामधाम टाकून एका पोरीच्या बडबडीत त्याला दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत जिवंत ठेवत होता. मी परत आले आणि तेही त्यांच्याकडून काढून घेतलं.

क्षमा वगैरे शब्द मला जमले नाहीत. त्यांनी मागितलीही नाही. मी वाटी पुन्हा उचलली, चमचा त्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, “लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इनासने मला पोहायला शिकवायचं ठरवलं. बावखलात. भर दुपारी.”

त्यांनी डोळे मिटले. तोंड उघडलं. पेज घेतली.

“मग?” म्हणाले.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी सांगत गेले. मार्सेला शाळेतून आली की दप्तर न काढता दारात बसायची. दहा वर्षांची पोर, बाप कसा बोलायचा, कसा चिडायचा, हे ती तिथं पहिल्यांदा ऐकत होती. मी काही गाळलं नाही. पण आमच्या लग्नाला तिसरं वर्ष होतं तेव्हा तो गेला, आणि तिन्ही खेपांचं मिळून तो माझ्याजवळ राहिला होता सातच महिने. किती पुरणार? पंधरा-सोळा दिवसांत माझ्याकडचं संपलं. मी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लागले. बाबांनी दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा डावा हात हलवून मला थांबवलं.

“आता मी,” ते म्हणाले.

आणि त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. इनास जन्मला तो गुड फ्रायडेला, म्हणून सुईण यायला तयार नव्हती. दोन वर्षांचा होईपर्यंत चालत नव्हता, सासूबाईंनी नवस बोलला. डहाणूला हंसाने त्याच्या पोटरीला चावा घेतला, तो वण मी बघितला होता, पण मला वाटायचं बोटीवरचा असेल. पहिलीत त्याने शाळेची घंटा पळवली आणि चिंचेखाली पुरली. एकेक वाक्याला त्यांना फार वेळ लागायचा. शब्द सापडला नाही की डोळ्यांत पाणी यायचं, रागाने. मार्सेला मधेच शब्द सुचवायची, बरोबर निघाला की ते मान हलवायचे. दिवसाला एखादीच गोष्ट व्हायची. मी भांडी तशीच टाकून बसायची. वाटायचं, असंच चालत राहिलं तर पावसाळ्यापर्यंत तो मोठा होईल, बोटीवर जायचं ठरवेल, मला बघायला आमच्या घरी येईल.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौथीपर्यंत पोहोचलो. वार्षिक परीक्षेच्या सकाळी इनास सापडेना, सगळी आळी शोधत होती. कुठे होता तो, मार्सेलाने विचारलं. बाबा हसले, पण थकले होते. म्हणाले, “उद्या.”

रात्रीत दुसरा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मार्सेलाने पाटी आणून दिली, डाव्या हातात पेन्सिल धरवली. नुसत्या रेघा उमटल्या. चौथ्या दिवशी ते गेले.

मातीला कात्रीन आली होती. सगळं आटोपल्यावर मी तिला विचारलं, चौथीच्या परीक्षेच्या दिवशी इनास कुठे गेला होता गं? ती इनासपेक्षा सात वर्षांनी धाकटी. म्हणाली, मी तेव्हा दोन-तीन वर्षांची होते, मला काय ठाऊक. आळीत त्या वेळची जी दोन-तीन म्हातारी माणसं उरली होती त्यांनाही विचारून बघितलं. कुणाला आठवत नव्हतं.

मार्सेलाला आता दोन मुलं आहेत. ती त्यांना घंटेची गोष्ट सांगते, हंस चावल्याची सांगते. मुलं विचारतात, पुढे काय झालं? ती माझ्याकडे बघते. चौथीपर्यंतचा इनास मला ठाऊक आहे, आणि ते सात महिने. मधला नाही.